कंडक्टरचा मुलगा जॉर्ज

द्वितीय वर्ष, कला शाखा

लिव्हरपूल हे इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, मर्सी नदीच्या मुखाशी वसलेले जुने बंदर. त्या गावातील वेव्हरट्री भागात अर्नोल्ड ग्रोव्ह नावाचा एक बोळ आहे आणि त्या बोळात १२ क्रमांकाचे घर आहे. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, संडास परसात, आणि थंडीत सगळ्या घराला मिळून ऊब द्यायला कोळशाची एकच शेगडी. या घरात २५ फेब्रुवारी १९४३ रोजी जॉर्ज हॅरिसनचा जन्म झाला. चार भावंडांत तो शेंडेफळ. वडील हॅरल्ड हे आधी बोटीवर नोकरीला होते. संसार वाढल्यावर त्यांनी समुद्र सोडला आणि ते लिव्हरपूलच्या बसवर कंडक्टर झाले, पुढे ड्रायव्हर झाले.

बीटल्स म्हटले की लोकांना आधी जॉन लेनन आठवतो, नाहीतर पॉल मॅकार्टनी. बहुतेक गाणी त्यांनी रचली आणि गायलीही त्यांनीच. रिंगो स्टार ड्रमच्या मागे उंचावर बसलेला असल्यामुळे तोही नजरेत भरतो. राहिला जॉर्ज. तो मान खाली घालून आपल्याच बोटांकडे पाहत गिटार वाजवताना दिसतो. मी मुद्दाम त्याच्यावरच लिहीत आहे. त्याचे पहिले कारण असे की माझे वडील एस. टी.त कंडक्टर आहेत आणि आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. दुसरे कारण जरा निराळे आहे. गावच्या भजनी मंडळात मी टाळ वाजवतो. सप्ताहाच्या पत्रिकेत गायकाचे नाव छापतात, पेटीवाल्याचे छापतात, पखवाजवाल्याचे छापतात, टाळकऱ्यांना मात्र ‘व समस्त टाळकरी मंडळी’ एवढ्या तीन-चार शब्दांत उरकतात. तेव्हा बीटल्सच्या आवाजाने सगळ्या जगाला वेड का लावले, हा प्रश्न मी मागे उभ्या असलेल्या गड्याच्या बाजूने सोडवायला घेतला, तर वाचकांनी समजून घ्यावे.

जॉर्ज शाळेत रमला नाही. वह्यांच्या मागच्या पानांवर तो गिटारची चित्रे काढीत बसे. १९५६ च्या सुमारास इंग्लंडभर स्किफल नावाच्या संगीताची लाट आली होती. लॉनी डोनेगन हा त्यातला मोठा गायक. या संगीताला भांडवल लागत नसे, हा त्याचा खरा गुण. चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी आणि दोरी बांधली की झाला बास, कपडे घासायच्या पत्र्याच्या फळीवर बोटांत अंगुस्ताने घालून खरडले की झाला ताल. एक गिटार तेवढी विकत घ्यावी लागे. जॉर्जला आईने साडेतीन पौंड दिले आणि त्याने एका शाळासोबत्याची जुनी गिटार घेतली. ती इतकी साधी होती की त्याने एकदा तिचा स्क्रू काढला तर मान आणि धड वेगळे झाले! पुढे थोरल्या भावाने, पीटरने, ती जोडून दिली. वडिलांच्या एका मित्राने काही सुरावटी शिकवल्या. बाकीचे जॉर्जने रेकॉर्डी ऐकून, बोटे सोलवटून घेऊन आत्मसात केले. रात्री उशिरापर्यंत तो वाजवीत बसे आणि आई सोबतीला जागत बसे. या माउलीविषयी फार कोणी लिहिलेले नाही, पण मला तिचे मोल मोठे वाटते.

त्याच्या आयुष्यात बस वारंवार येते. शाळेच्या बसमध्येच त्याची पॉल मॅकार्टनीशी ओळख झाली. पॉल एक वर्ष पुढच्या वर्गात होता. पॉल पुढे जॉन लेननच्या ‘क्वारीमेन’ या ग्रूपमध्ये शिरला. त्याने जॉर्जचे नाव सुचवले, पण जॉनला हे पोर फारच लहान वाटले. मग १९५८ च्या आरंभी एका रात्री बसच्या वरच्या मजल्यावर जॉर्जने ‘रॉन्ची’ नावाची एक शब्दांवाचूनची धून बिनचूक वाजवून दाखवली आणि पंधराव्या वाढदिवसाच्या आसपास त्याला ग्रूपमध्ये जागा मिळाली. ज्या बसवर बाप पोटासाठी उभा राहत असेल तशाच बसमध्ये मुलाचे नशीब उघडावे, हा योग मला फार हृद्य वाटतो.

शाळा सोडताना जॉर्जच्या पदरात एकही प्रमाणपत्र नव्हते. ब्लॅकलर्स या मोठ्या दुकानात तो विजेच्या कामाचा उमेदवार म्हणून लागला. ती नोकरी फार दिवस टिकली नाही, कारण ऑगस्ट १९६० मध्ये हे पाच जण (त्या वेळी स्टुअर्ट सटक्लिफ बासवर आणि पीट बेस्ट ड्रमवर होता) जर्मनीतल्या हँबुर्ग बंदरात वाजवायला गेले.

हँबुर्गवर थोडे थांबले पाहिजे, कारण बीटल्सचा आवाज तिथे घडला. खलाशांच्या वस्तीतला दारूचा क्लब, समोर भांडणारे गिऱ्हाईक, आणि रोज रात्री साडेचार तास, शनिवारी सहा तास वाजवायचे. राहायची सोय ‘बांबी’ नावाच्या सिनेमागृहाच्या पडद्यामागे, संडासाच्या शेजारी. एवढे तास भरून काढायला गाणी अपुरी पडत. मग एकेक गाणे लांबवायचे, नवीन बसवायचे, आवाज फाटला तर तिघांनी मिळून रेटायचे. अखंड हरिनामाच्या पहाऱ्याला उभा राहिलेला कोणीही टाळकरी सांगेल की पहाटे तीनच्या पुढे माणूस डोक्याने वाजवत नाही, शेजाऱ्याच्या श्वासाने वाजवतो. ही पोरे त्या शाळेत शिकली. नोव्हेंबरात पोलिसांच्या ध्यानात आले की जॉर्ज अवघा १७ वर्षांचा आहे आणि अठराच्या आतल्या मुलाला रात्री उशिरा क्लबात राहायला कायद्याने बंदी आहे. त्याची एकट्याची गावी परत रवानगी झाली. पण डिसेंबरात स्टुअर्ट सोडून बाकीचे परतल्यावर २७ तारखेला लिदरलंड टाउन हॉलमध्ये ते वाजवायला उभे राहिले तेव्हा लिव्हरपूलची मुले नाचायचे सोडून मंचाकडे धावली. चार महिन्यांपूर्वीच्या ग्रूपची ही कायाच पालटली होती.

त्यांनी असे काय वाजवले? ‘बीट’ म्हणजे ठोका, आणि लिव्हरपूलच्या या संगीताला मर्सीबीट असे नाव पडले. त्याची मांडणी सोपी आहे. दोन गिटारी, एक बास, एक ड्रम. आपला कान समेची वाट पाहतो, म्हणजे पहिल्या मात्रेवर वजन पडले की आपल्याला घरी आल्यासारखे वाटते. या गाण्यांत एक, दोन, तीन, चार मोजले तर ड्रमचा कडक फटका दोनवर आणि चारवर पडतो. त्यामुळे बसलेला माणूस आपोआप उठतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. खोलीतल्या मित्राच्या मोबाइलवर मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझा टाळ चुकीच्या जागी पडत होता आणि तरी पाय थांबत नव्हते.

दुसरी गोष्ट गळ्यांची. आपण भजनात सगळे एकाच सुरात गातो. तिथे तिघे तीन वेगवेगळे सूर एकाच वेळी लावतात आणि तिन्ही मिळून एक चौथीच वस्तू तयार होते. १९६३ चे ‘धिस बॉय’ हे गाणे जॉन, पॉल आणि जॉर्ज एका माइकभोवती उभे राहून गायले. ते मी पंचवीस-तीस वेळा ऐकले तेव्हा कुठे मला जॉर्जचा आवाज वेगळा काढता आला. तो काढून पाहिला की उरलेले दोन आवाज पोरके वाटतात.

लिव्हरपूलच्या मॅथ्यू स्ट्रीटवर ‘कॅव्हर्न’ हा तळघरातला क्लब होता. विटांच्या कमानी, वारा नाही, भिंतींवरून घामाचे ओघळ. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या मुली तिथे सँडविच घेऊन येत. १९६१ ते १९६३ या काळात बीटल्सनी तिथे जवळजवळ ३०० वेळा वाजवले. ९ नोव्हेंबर १९६१ रोजी तिथे ब्रायन एपस्टाइन हा रेकॉर्डींच्या दुकानाचा चालक त्यांना ऐकायला आला आणि त्यांचा मॅनेजर झाला. पुढची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. १ जानेवारी १९६२ रोजी डेक्का कंपनीने त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांना नाकारले, मग ई. एम. आय.च्या जॉर्ज मार्टिनने घेतले, ऑगस्टमध्ये रिंगो आला, ऑक्टोबरात ‘लव्ह मी डू’ निघाले. ११ फेब्रुवारी १९६३ रोजी एका दिवसात त्यांनी आपल्या पहिल्या एल. पी.ची १० गाणी रेकॉर्ड केली. हँबुर्गचे तास इथे कामाला आले. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी एड सलिव्हनच्या कार्यक्रमात ते अमेरिकेच्या टेलिव्हिजनवर दिसले तेव्हा सुमारे ७ कोटी ३० लाख लोक पाहत होते. जॉर्जचा घसा त्या वेळी धरलेला होता, आदल्या दिवशीच्या तालमीलाही तो जाऊ शकला नव्हता.

त्याच अमेरिकावारीत त्याला रिकनबॅकर कंपनीची बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार मिळाली. नेहमीच्या गिटारीला सहा तारा असतात, हिला सहा जोड्या. त्यांतल्या चार जोड्यांत एक तार जाड आणि दुसरी तिच्या वरच्या सप्तकातली. आपल्या दुहेरी सुरांच्या पेटीत एक पट्टी दाबली की खर्ज आणि नर असे दोन सूर एकदम बोलतात आणि मंडप भरून जातो, तसाच हा प्रकार. ‘अ हार्ड डेज नाइट’ हे १९६४ चे गाणे ज्या एका झणत्काराने सुरू होते, त्यात या गिटारीचा वाटा मोठा आहे. त्या एका आघातावर संगीताच्या जाणकारांनी आजवर पुष्कळ डोके चालवले आहे. मला तो ऐकला की देवळातली घंटा कोणीतरी पहिल्यांदाच वाजवल्यासारखे वाटते. तो चित्रपट पाहून अमेरिकेतल्या ‘बर्ड्‌स’ या ग्रूपच्या रॉजर मॅग्विनने तशीच गिटार घेतली आणि त्या खणखणाटाची तिकडे एक नवी परंपराच सुरू झाली.

जॉर्ज मोठा वादनवीर होता, असे मी म्हणणार नाही. त्याच्याहून वेगाने बोटे फिरवणारे त्या काळी इंग्लंडात अनेक होते. उभ्या उभ्या सुचेल तसे वाजवण्यापेक्षा आपला तुकडा आधी जुळवून, घोटून मग वाजवण्याची त्याची रीत होती. पण गाण्याला नेमके किती हवे हे त्याला कळत होते. ‘अँड आय लव्ह हर’ हे गाणे पॉलचे, पण त्यात गिटारीवर जे चार सूर परत परत येतात ते जॉर्जचे. ते चार सूर काढून टाकले तर गाण्याचा चेहरा ओळखू येत नाही. गाणे छापताना मात्र रचनाकार म्हणून लेनन आणि मॅकार्टनी ही दोनच नावे आली.

स्वतःची गाणी तो १९६३ पासून करू लागला होता. दर रेकॉर्डीवर त्याला जागा मिळे एक-दोन गाण्यांची, फार तर तीन. जॉन आणि पॉल यांच्यासारखे दोन कारागीर शेजारी असताना तिसऱ्याने आपले गाणे पुढे करायचे, ते ऐकून घेतले जाण्याची वाट पाहायची, आणि नाही ऐकले तर पुन्हा त्यांच्या गाण्यात जीव ओतायचा. हे त्याने सात-आठ वर्षे केले. बीटल्सच्या सगळ्या गाण्यांत त्याची स्वतःची अशी गाणी २२ भरतात.

याच काळात त्याचा आपल्या देशाशी संबंध आला. १९६५ मध्ये ‘हेल्प’ चित्रपटाच्या एका प्रसंगात भारतीय वादक होते. तिथे त्याने सतार हातात घेतली. मग लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या ‘इंडियाक्राफ्ट’ दुकानातून एक साधी सतार आणली आणि ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये ती वाजवली. स्पष्ट सांगायचे तर ते सतारीवर वाजवलेले गिटारवादन आहे. पण त्याला स्वतःलाच ते पुरेसे वाटले नाही, यात त्याचे मोठेपण. पुढच्या वर्षीच्या ‘लव्ह यू टू’ या गाण्यात तबल्यावर अनिल भागवत होते आणि रेकॉर्डीच्या वेष्टणावर त्यांचे नाव छापले गेले. टाळकरी मंडळींना याचे महत्त्व समजावून सांगायला नको.

जून १९६६ मध्ये लंडनला त्याची पंडित रविशंकर यांच्याशी भेट झाली. ऑगस्टअखेर बीटल्सनी जाहीर दौरे कायमचे बंद केले. चाहत्यांच्या किंकाळ्यांत त्यांचे वाजवणे त्यांनाच ऐकू येईनासे झाले होते. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांतच जॉर्ज पत्नी पॅटीसह मुंबईत ताजमहाल हॉटेलात उतरला, मिशा वाढवून आणि खोट्या नावाने. गुपित फुटले, हॉटेलाबाहेर गर्दी झाली, आणि शिकवणी पुरी करायला गुरुशिष्य काश्मीरला गेले. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा मुंबईत आला. फोर्टमधल्या एच. एम. व्ही.च्या स्टुडिओत ‘वंडरवॉल’ चित्रपटाचे संगीत त्याने आपल्याकडच्या वादकांकडून वाजवून घेतले. संतूरवर शिवकुमार शर्मा होते. त्याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गाण्याचे वाद्यसंगीत रेकॉर्ड झाले. त्यातली बासरी हरिप्रसाद चौरसियांची. मार्चमध्ये ते गाणे ‘लेडी मॅडोना’च्या पाठीवर निघाले. बीटल्सच्या सिंगलवर जॉर्जचे गाणे येण्याची ती पहिलीच वेळ, आणि त्याची साथ मुंबईची!

सतारीचा नाद त्याने पुढे सोडला. सतारीला जन्म द्यावा लागतो आणि आपला अर्धा जन्म गिटारीत गेला, हे त्याने ओळखले. पण मींड त्याच्या बोटांतून गेली नाही. बीटल्स फुटण्याच्या सुमारास तो गिटारीच्या तारांवर नळी सरकवून वाजवू लागला. ही पद्धत मूळ अमेरिकेतली, पण सुरावरून सुरावर जाताना तो ज्या सावकाशीने घसरतो, ती चाल मला आपल्याकडची वाटते.

१९६९ च्या ‘अ‍ॅबी रोड’ या रेकॉर्डीवर त्याची दोन गाणी आहेत, ‘समथिंग’ आणि ‘हिअर कम्स द सन’. दुसरे त्याने मित्राच्या, एरिक क्लॅप्टनच्या बागेत, कंपनीच्या बैठकीला दांडी मारून केले. ‘समथिंग’ हे सिंगलच्या दर्शनी बाजूवर आलेले त्याचे पहिले गाणे. तेही अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. एव्हाना घर मोडत आले होते. एप्रिल १९७० मध्ये बीटल्स फुटल्याची बातमी जगजाहीर झाली आणि त्याच नोव्हेंबरात जॉर्जने ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ काढली. एक सोडून तीन तबकड्यांचा संच! इतकी वर्षे वळचणीला पडलेली गाणी त्यात होती. त्यातल्या ‘माय स्वीट लॉर्ड’वर पुढे खटला झाला आणि १९७६ मध्ये न्यायाधीशाने ठरवले की जुन्या एका गाण्याची चाल नकळत उचलली गेली आहे. दोन्ही गाणी लागोपाठ ऐकली तर न्यायाधीशाचे म्हणणे खोडता येत नाही.

१९७१ मध्ये रविशंकर त्याच्याकडे आपल्या बंगाली बांधवांचे दुःख घेऊन गेले. आदल्या वर्षीचे वादळ, मग युद्ध, निर्वासितांचे लोंढे. जॉर्जने काही आठवड्यांत मित्रमंडळी जमवली आणि १ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशसाठी दोन कार्यक्रम केले. ४०,००० लोक आले. आरंभी रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ यांनी वाद्ये जुळवली तर तेच वादन समजून श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. जन्मभर बाजूला उभा राहिलेला गडी त्या दिवशी मधोमध उभा होता, पांढरा सूट घालून. जमलेल्या पैशांपैकी बराचसा करांच्या कचाट्यात वर्षानुवर्षे अडकला, हे खरे. पण मदतीसाठी मोठाले कार्यक्रम करण्याची रीत पुढे जगभर पडली, तिचे मूळ इथे आहे.

नंतरची वर्षे त्याने हेन्ली गावच्या आपल्या मोठ्या घराभोवतीची बाग फुलवण्यात घालवली. मधूनमधून रेकॉर्डी काढल्या, चित्रपटांना पैसा पुरवला. १९७८ मध्ये ऑलिव्हियाशी दुसरा विवाह झाला आणि त्याच वर्षी मुलगा झाला. त्याचे नाव त्यांनी धनी ठेवले. आपल्या सप्तकातला धैवत आणि निषाद, ध आणि नी. १९९७ मध्ये जॉर्जला घशाचा कर्करोग झाल्याचे कळले. १९९९ च्या डिसेंबरात एका माथेफिरूने घरात शिरून त्याला भोसकले, त्यातून तो वाचला. २९ नोव्हेंबर २००१ रोजी लॉस एंजेलिसला, वयाच्या ५८ व्या वर्षी, तो गेला.

बरोबर एक वर्षाने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याच्या मित्रांनी त्याच्यासाठी संगीतसभा केली. रविशंकरांनी त्या दिवसासाठी ‘अर्पण’ ही रचना केली होती आणि ती त्यांची मुलगी अनुष्का हिने वादकांकडून वाजवून घेतली. पॉलने ‘समथिंग’ गायले, सुरुवातीला जॉर्जच्या आवडत्या उकुलेलेवर. मी त्या सभेचे चित्रीकरण तीनदा पाहिले आहे. मोठमोठी माणसे पुढे येऊन गाऊन जातात. त्यांच्या मागे गिटारवाल्यांच्या रांगेत चोवीस वर्षांचा, हुबेहूब बापासारखा दिसणारा एक मुलगा उभा आहे. तो धनी. गाणारे बदलत जातात आणि तो मागे उभा राहून शेवटच्या गाण्यापर्यंत साथ वाजवीत राहतो.